फुजैऱ्यातली तीन पिस्तुलं

आमच्या ह्यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. जेवताना एक पाय हलत असायचा, कोणाशी बोलताना बोटांत एखादा नट फिरत असायचा आणि हातात काहीच नसलं तर शर्टाचं बटण. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा सासूने बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ह्याच्यासमोर घड्याळ ठेवत जाऊ नकोस, उघडून बसेल आणि मग तुलाच वेळ विचारेल. मी घड्याळ लपवून ठेवलं. पुढे पिस्तुलं लपवायची वेळ येईल हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही.

ही साठ सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. तेव्हा यूएई नावाचा देश झालेला नव्हता. हे आधी दुबईला लाँचच्या इंजिनांवर काम करायचे. मग तिथल्या एका व्यापाऱ्याने विहिरींवर बसवायचे डिझेल पंप विकायला आणले आणि ते पंप डोंगरापलीकडे, पूर्व किनाऱ्यावर, फुजैऱ्याच्या खजुरीच्या बागांत गेले. पंप गेले, त्यांच्यामागून ते बंद पडल्याच्या तक्रारी आल्या, आणि तक्रारींमागे ह्यांना एक जुना पिकअप देऊन तिकडे पाठवण्यात आलं. वर्षभराने मी रत्नागिरीकडचं आमचं खाडीकाठचं गाव सोडलं, मुंबईहून बोटीने दुबईला उतरले आणि त्या पिकअपमध्ये दिवसभर हिंदकळत फुजैऱ्याला पोचले. रस्ता नव्हताच. डोंगरांमधून कोरडी नदीपात्रं गेलेली आहेत, त्यांना तिथे वादी म्हणतात. त्या वादीच्या तळातून, दगडगोट्यांवरून गाडी हाकायची. आज माझा मुलगा अबुधाबीला अल रीम आयलंडवर राहतो आणि फुजैऱ्याला जायचं म्हटलं की फक्त टाकीत पेट्रोल किती आहे एवढंच बघतो.

आमचं घर एका बागेच्या कडेला होतं. भिंती खजुरीच्या झापांच्या. आमच्याकडे नारळाची झापं विणतात तशीच विणलेली, त्यामुळे पहिल्या दिवशी मला जरा हुरूप आला. तो टिकला नाही. समोर समुद्र, मागे झाडाचं नाव नसलेले काळे डोंगर आणि मध्ये ही बागांची पट्टी, एवढंच जग. बागेचे मालक म्हातारे होते. तरुणपणी गलबतावरून खजूर घेऊन ते मुंबईला जात, त्यामुळे त्यांना बंदरावरची हिंदी येत होती. मला बेटी म्हणत. त्यांच्या घरातल्या बायका प्रेमळ होत्या, रोज मासे पाठवत, पण भाषा नसली की प्रेम पाच मिनिटांत संपतं. मग दोघींनी एकमेकींकडे बघून हसत बसायचं.

हे सकाळी पंपांच्या मागे जात, ते कधी परत येतील त्याचा भरवसा नसे. दिवसभर बागांमधून पंपांचा ठकठक आवाज येत राही. मध्येच त्यातला एखादा थांबायचा. आता हे घरी यायच्या ऐवजी तिकडे जाणार, हे मला ऐकूनच कळायचं. घरातलं काम संपलं की मी दारापासून विहिरीपर्यंत जायची, विहिरीपासून दारापर्यंत यायची. पुन्हा जायची. मालकांच्या सुनेला वाटायचं माझं काहीतरी हरवलंय. एकदा ती बिचारी माझ्याबरोबर वाकून जमिनीवर शोधायला लागली. 

पिस्तुलं आमच्या घरी आली ती ह्यांच्या ख्यातीमुळे. पंप दुरुस्त करणारा हिंदी माणूस लोखंडाचं काहीही दुरुस्त करतो, अशी बातमी किनाऱ्याने वर खोर फक्कानपर्यंत गेली. लोक शिलाई मशीन आणायचे, स्टोव्ह आणायचे, कंदील आणायचे. तिथे जवळजवळ प्रत्येक पुरुषाच्या खांद्याला जुनी रायफल आणि कमरेला काडतुसांचा पट्टा असायचा. रायफल ते स्वतः सांभाळायचे, तिला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. पिस्तुलाला मात्र कोणी मानत नव्हतं. असली पिस्तुलं मस्कतच्या बाजारातून, बोटींवरून, मेलेल्या काका-मामांच्या पेट्यांतून आलेली असायची. ज्याचं असेल तो कापडात गुंडाळून आणायचा आणि म्हणायचा, चाललं तर चालव, नाहीतर तुझ्याकडेच राहू दे, खलास.

अशी तीन आमच्याकडे राहिली.

पहिलं मोठं विलायती रिव्हॉल्वर होतं, कुठल्यातरी जुन्या लढाईतलं, हातात धरलं की मनगट खाली ओढणारं. ते मधोमध मोडून उघडायचं आणि मग काडतुसं भरायची. त्याचा मागचा खटका इतका झिजला होता, की कधीकधी बार उडाला की ते आपणहून उघडून मान टाकायचं. दुसरं स्पॅनिश, चपटं, त्याच्या मुठीतच गोळ्यांची पट्टी सरकवायची. त्याची खोड अशी, की एकदा चाप ओढला की कधी एक गोळी सुटायची, कधी दोन. तिसरं तळहातावर मावेल एवढं रिव्हॉल्वर होतं. त्याचा चाप चाकूच्या पात्यासारखा घडी घालून पोटाशी दुमडायचा. डोंगरात मोजणी करायला आलेला एक इंग्रज एकदा आमच्याकडे पाणी प्यायला थांबला होता. त्याने ते बघून ह्यांना सांगितलं, की फार पूर्वी युरोपात सायकलवाल्यांच्या मागे कुत्री लागायची, त्यांना भिववायला असली पिस्तुलं बनवत. ह्यांना ते इतकं आवडलं, की पुढे कितीतरी दिवस कोणी आलं की हे तेच सांगत बसायचे. फुजैऱ्यात तेव्हा सायकल एकही नव्हती.

मला त्या वस्तू घरात नको होत्या. मी तिन्ही तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवली. ह्यांनी ती काढली, पुसली, तेलपाणी केलं आणि चटईवर ओळीने मांडून ठेवली. दुरुस्त केलेली वस्तू चालते की नाही हे बघितल्याशिवाय ह्यांच्या जिवाला चैन पडणं शक्य नव्हतं. दुबईहून येणाऱ्या ड्रायव्हरकडून गोळ्या मागवल्या. मोठ्या रिव्हॉल्वरच्या गोळ्या मात्र बाजारात मिळेनात. मग मालकांनी त्यांच्या पेटीतून एक तेलकट पुडकं काढून दिलं. त्यातली काडतुसं हिरवी पडलेली होती.

शुक्रवारी नमाज आटोपली की हे पिकअप घेऊन वादीत जायला लागले. दोन-तीन शुक्रवार मी घरी राहिले. लांबून बार ऐकू यायचे आणि प्रत्येक बारानंतर मी पुढच्या बाराची वाट बघायची, कारण पुढचा आला म्हणजे हे ठीक आहेत. त्यापेक्षा समोर बसून बघितलेलं बरं, म्हणून चौथ्या खेपेला मी आपणहून गाडीत जाऊन बसले. ह्यांनी रिकामे दुधाचे डबे माझ्या पायाशी ठेवले आणि गाडी सुरू केली.

ह्यांचा नेम वाईट होता. हात स्थिर राहील तर ना. डबा समोरच्या दरडीला टेकवून ठेवायचे आणि गोळी त्याच्या वर, बाजूला, कुठेही जायची. मग वैतागून म्हणाले, तू बघ. मी ते घडीच्या चापाचं छोटं रिव्हॉल्वर घेतलं. ह्यांनी मला नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा, दाखवली, ती डब्याच्या खाली कशी आणायची ते सांगितलं. मी श्वास घेतला, सोडला आणि चाप ओढला. डबा उडाला नाही, नुसता वळला. जवळ जाऊन बघितलं तर त्याच्या कडेला भोक होतं.

आमच्या घरात मी लहानपणी सुईत दोरा ओवणारी मुलगी म्हणून प्रसिद्ध होते, आजूबाजूच्या म्हाताऱ्या माझ्याकडेच सुया घेऊन यायच्या. नेम धरणं मला तसंच वाटलं. माशी आणि डबा एका रेषेत येईपर्यंतच्या त्या वेळात मला दार दिसत नव्हतं, विहीर दिसत नव्हती, पंप ऐकू येत नव्हता. बार उडाला की सगळं परत येई. म्हणून लगेच दुसरा डबा हवा असायचा. शनिवारपासून मी शुक्रवारची वाट बघायला लागले, आणि खरं सांगायचं तर त्याने माझी तगमग कमी झाली नाही, वाढलीच. आता फेऱ्या मारताना माझ्या उजव्या हाताचं बोट आपोआप वाकायचं.

माझ्या मुलाला मी हे सांगते तेव्हा तो म्हणतो, "मम्मी, दॅट वॉज इल्लीगल." मी म्हणते, लायसन्स द्यायला ऑफिस तर हवं ना रे. तिथे रस्ता नव्हता, पोस्ट नव्हतं. लोक आम्हाला हसायचे, पण ते पिस्तुलाला हसायचे. बाई गोळी मारते याचं त्यांना काही वाटत नव्हतं. डोंगरातल्या बायका मारतात, असं मालक म्हणाले.

त्या डोंगरातली एक बाई आम्हाला तिथे दिसायची. चेहऱ्यावर बुरखा, अंगात काळं, हातात काठी आणि आसपास पंधरा-वीस शेळ्या. आम्ही डबे मांडायला लागलो की ती शेळ्या गोळा करून दरडीवर चढायची आणि वर बसून आमच्याकडे बघत राहायची. मी एकदा हात केला. तिने केला नाही.

थंडीतला एक शुक्रवार होता. त्या आठवड्यात दोन पंप एकदम बिघडलेले, एकाचा भाग दुबईहून यायचा होता आणि तो येत नव्हता. हे चार दिवस पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरत होते. वादीत पोचल्यावर ह्यांनी मोठं रिव्हॉल्वर घेतलं. त्याला मी कधी हात लावत नसे. पहिला बार उडाला. दुसऱ्याला चाप ओढला आणि नुसतं टक् झालं.

असं पूर्वी छोट्या रिव्हॉल्वरचंही झालं होतं, बाजारातल्या गोळ्याही जुन्याच असायच्या. जुनं काडतूस कधी पेटतच नाही, कधी उशिराने पेटतं. म्हणून असं झालं की पिस्तूल तसंच दरडीकडे धरून थांबायचं, ही शिकवण मला ह्यांनीच दिली होती. मी थांबायची. मला ते थांबणं नकोसं व्हायचं, हातात काहीतरी जिवंत आहे असं वाटायचं, पण मी थांबायची.

हे थांबले नाहीत. टक् झालं तसं ह्यांनी "छे" म्हटलं, डावा हात नळीवर टाकला आणि ते मोडून उघडलं. तेवढ्यात ते काडतूस पेटलं.

आवाज नेहमीसारखा नव्हता. फाटल्यासारखा होता. रिव्हॉल्वर दगडांत पडलं आणि हे आपल्या डाव्या हाताकडे बघत उभे राहिले, दुसऱ्या कोणाचा असावा तसे. काडतुसाचं पितळ फुटून बोटांत घुसलं होतं. कपाळावरही एक चीर पडली होती आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं. मी साडीवरून घेतलेली ओढणी काढली आणि हात गुंडाळला. ओढणी लगेच भिजली. मग ह्यांचा डोक्याचा रुमाल त्यावर बांधला. हे एकदाही ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "गाडी तुला चालवावी लागेल."

मी आयुष्यात कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. हे शेजारी बसून सांगत राहिले. डावा पाय दाब, दांडा इकडे ओढ, आता हळूहळू सोड. गाडी दोनदा उडी मारून बंद पडली. तिसऱ्यांदा चालू लागली. फर्स्ट गिअरमध्ये, दगडांवरून, माणूस चालतो त्याच वेगाने आम्ही निघालो. मध्येच हे बोलायचे थांबले. मी वळून बघितलं तर मान मागे टेकलेली आणि तोंड पांढरं पडलेलं. तेवढ्या बघण्यात गाडी डावीकडे गेली, बारीक वाळूत शिरली आणि चाक गरगरा जागच्या जागी फिरायला लागलं. जेवढं मी दाबलं तेवढं ते खाली गेलं.

मला वाटलं, बार उडवावेत. कोणीतरी ऐकेल. मी स्पॅनिश पिस्तूल घेतलं आणि आकाशात चाप ओढला. दोन गोळ्या सुटल्या. थांबले. पुन्हा ओढला, एक सुटली. थांबले. वादीतून आवाज घुमत गेला आणि परत आला. कोणी आलं नाही. मग मी पट्टी संपेपर्यंत ओढत राहिले, आणि संपल्यावर मला कळलं की कोणी येणारच नाही. सगळ्या बागांना ऐकू गेलं असणार. पण आज शुक्रवार. पंपवाला हिंदी आणि त्याची बायको डबे फोडताहेत, असंच सगळे म्हणत असणार. मालक त्यांच्या पडवीत कॉफी पीत तेच म्हणाले होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

ह्यांना सावलीला बसवलं, पाणी पाजलं आणि मी दरडीकडे धावले. शेळ्या कुठेतरी वर असणार हे मला माहीत होतं. चप्पल एका दगडात अडकून तुटली, ती तिथेच टाकली. शेळ्यांची घंटा आधी ऐकू आली आणि मग ती बाई समोर उभी राहिली.

माझं अरबी तोपर्यंत बाजारापुरतं झालं होतं. मी बोलायच्या आधी तीच बोलायला लागली. तिचा राग मला शब्दांच्या आधी कळला. ती म्हणत होती, की आमच्या आवाजाने तिच्या गाभण शेळ्या कड्यावरून पळतात, एक पडून मेली. आणि आम्ही डब्यांवर गोळ्या वाया घालवतो, इथे लांडगा तिची करडं नेतो आहे, तिच्याकडे काठी आहे. हे सगळं तिने कितीतरी दिवस मनात साठवलं असणार, कारण ते एका दमात आलं. मी नुसते हात पुढे केले. हातांवर ह्यांचं रक्त वाळलं होतं. तिने ते धरून बघितले.

"तुझा नवरा?" तिने विचारलं.

मी मान हलवली. ती माझ्या पुढे धावली, अनवाणी, त्या दगडांवरून, मी मागे पडले.

तिने ह्यांच्या हाताची पट्टी सोडली नाही, वरून आणखी आवळली. कोपराखाली दोरी बांधली आणि हात वर धरून बसायला सांगितलं. मग चाकाकडे बघितलं. तिने डोक्यावरची जाड घोंगडी काढली, शेळ्यांच्या केसांची विणलेली, आणि चाकाखाली कोंबली. आम्ही दोघींनी चपटे दगड आणून तिच्यापुढे लावले. तिने मला आत बसायला खुणावलं आणि स्वतः मागे जाऊन खांदा लावला.

"यल्ला," ती म्हणाली.

मी पाय सोडला. चाकाने घोंगडी चावून मागे फेकली, पिकअपने हिसका खाल्ला आणि तो बाहेर आला. मी थांबवायला घाबरले. थांबवलं तर पुन्हा सुरू होईल की नाही कोण जाणे. आरशात ती दिसली, फाटलेली घोंगडी हातात घेऊन उभी. 

बागेत पोचले तेव्हा गाडी कशी थांबवायची ते मला आठवेना. ती मालकांच्या कुंपणाला टेकून आपोआप बंद पडली. त्यांनी लगेच एक ड्रायव्हर शोधला आणि त्याच पिकअपमध्ये आम्ही दुबईला निघालो. तो प्रवास मला सलग आठवत नाही. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि प्रत्येक दगडाला मी ते दोन्ही हातांनी धरत होते. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं, अंगठा वाचवला. डोळ्याला काही झालं नव्हतं. कपाळावर खूण राहिली.

परत आलो तेव्हा मला वाटलं होतं आता हे शांत होतील. उलट झालं. पूर्वीची हालचाल निदान कामात खर्च व्हायची. आता एक हात गळ्यात आणि दुसरा रिकामा. हे घरात फेऱ्या मारू लागले, आणि मी पूर्वी ज्या वाटेने मारायची त्याच वाटेने. दोघांनी एका वेळी चालावं एवढं ते घर मोठं नव्हतं. पंप बंद पडत होते आणि दुबईचा व्यापारी दुसरा माणूस पाठवतो म्हणत होता. मग एके सकाळी मालकांच्याच विहिरीवरचा पंप थांबला. हे गेले, एका हाताने पाना धरायला लागले आणि पाना सटकला. मी पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं.  हे म्हणाले, "उलटं फिरव."

त्यानंतर मी ह्यांच्याबरोबर सगळ्या बागांत जायला लागले. मालक प्रत्येक ठिकाणी आधी निरोप पाठवायचे, म्हणून कोणी नावं ठेवली नाहीत. ठेवली असतील तर ती मला समजली नाहीत. बागांमधल्या बायका विहिरीवर येऊन बसायच्या, त्यांच्याबरोबर माझं अरबी वाढलं. हात ग्रीसचे झाले. फेऱ्या बंद झाल्या असं नाही, पण आता मी गावभर फेऱ्या मारत होते.

वादीतलं मोठं रिव्हॉल्वर कोणीतरी आणून दिलं होतं. ह्यांनी ते एका हाताने सुटं केलं, प्रत्येक तुकडा कानशीने बिघडवला आणि मालकांच्या जुन्या, बुजलेल्या विहिरीत टाकला. स्पॅनिश पिस्तुलाकडे बघतही नव्हते. पण मला त्या बाईकडे जायचं होतं. घोंगडी फाटली ती आमच्यासाठी. दुबईच्या ड्रायव्हरकडून एक चांगलं जाड ब्लँकेट मागवलं. ते घेऊन निघताना माझ्या मनात आलं ते मी ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ अंगठ्याने कपाळावरची खूण चोळत राहिले.

"तिला शिकवायला मात्र तूच जा," ते म्हणाले. "आणि थांबायचं कसं ते आधी शिकव."

म्हणून ते घडीच्या चापाचं रिव्हॉल्वर आणि नव्या गोळ्यांचा डबा मी डोंगरात नेला. ब्लँकेट तिने घेतलं, हात फिरवून बघितलं, खांद्यावर टाकलं. रिव्हॉल्वर बघून मात्र तिला हसू आलं. बुरख्याखालचं तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. ती म्हणाली, ह्याने लांडगा मरेल का? मी म्हटलं, मरणार नाही, पळेल. सायकल म्हणजे काय हे मला तिला समजावता आलं नाही.

शेळ्या दूर बांधून आम्ही दोघी दरडीसमोर बसलो. ती डबे नको म्हणाली, तिने एक दगड निवडला आणि त्यावर कोळशाने लांडग्याचं डोकं काढलं. दोन कान आणि दोन डोळे, बाकी काही नाही. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता, पण बार उडताना ती डोळे मिटायची. मला माझ्या खेपेला मिटावेसे वाटले नव्हते, त्यामुळे ते कसं घालवायचं हे मला ठाऊक नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून नुसतं म्हणत राहिले, उघडे ठेव. महिनाभराने तिने डोळे उघडे ठेवले आणि लांडग्याचा एक कान गेला. त्या दिवशी तिने मला दूध पाजलं. तिचा नवरा मोती काढणाऱ्या बोटीवर गेला तो परत आला नव्हता, मुलगा कुवेतला कामाला होता, हे मला तेव्हा कळलं. मला मूल का नाही असं तिने विचारलं. मी इन्शाल्ला म्हटलं. ती म्हणाली, तू एका जागी बसशील तर होईल. आम्ही दोघी हसलो, आणि मला घरी येताना रडू आलं.

मूल झालं, पण ते पुढे. त्याच्या आधी दुबईच्या व्यापाऱ्याने तिथे वर्कशॉप काढलं आणि ह्यांना परत बोलावून घेतलं. पंपांना आता इथलीच माणसं तयार झाली होती, त्यातली दोन ह्यांनी आणि मी शिकवलेली. आम्ही निघालो तेव्हा पिकअप मीच चालवत होते. हे शेजारी बसून गिअर सांगत नव्हते, पण पाय मात्र दाबत होते.

वादीत ती वाटेत उभी होती. कोणी सांगितलं तिला देव जाणे. मला वाटलं निरोप द्यायला आली असेल, मी खाली उतरले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "गोळ्या संपत आल्या. पाठवत जा."

मी पाठवल्या. दुबईत आमची खोली खाडीच्या बाजूला होती, दिवसभर बार्जचे आवाज, माणसांची गर्दी, बोलायला हव्या तेवढ्या बायका, त्यातल्या दोघी तर आमच्याच तालुक्यातल्या. तरी मला तिथे करमायला फार वेळ लागला. फुजैऱ्याकडे जाणारा ड्रायव्हर दिसला की मी त्याला थांबवायची. पहिलं पुडकं पोचलं, तिच्याकडून उलट वाळवलेलं लिंबू आलं. दुसरं पोचलं, काही आलं नाही. तिसरं ड्रायव्हरने परत आणून दिलं. तो म्हणाला, त्या वादीत पाऊस झाला नाही, शेळ्यावाले वर कुठेतरी गेले, कुठे ते बागांत कोणाला माहीत नाही. आणखी कोणाला विचारलंस का, असं मी त्याला विचारलं. विचारलं, तो म्हणाला. डोंगरात वर गेला होतास का?  त्याला ट्रक रिकामा करायचा होता.

संध्याकाळी हे वर्कशॉपमधून आल्यावर मी म्हटलं, येत्या शुक्रवारी गाडी मिळेल का?  मिळाली. आम्ही दोन शुक्रवार गेलो, गुरुवारी रात्री निघून शनिवारी पहाटे परत. वर जिथपर्यंत चाकं चढतात तिथपर्यंत गेलो, भेटेल त्याला विचारलं. शेळ्या पुष्कळ भेटल्या. तिसऱ्या शुक्रवारी मला उलट्या सुरू झाल्या आणि डॉक्टरीण म्हणाली, आता दगडांतून गाडीने फिरायचं नाही. मी खिडकीत बसून राहिले. हे एकटेच गेले.